पहिल्या गेमसाठी गेम इंजिन कसं निवडायचं?

गेम बनवायचं मनात आलं की पहिला प्रश्न पडतो, "कोणतं इंजिन घेऊ?" (इंजिन म्हणजे चित्रं, हालचाल, आवाज हे सगळं एकत्र जोडून गेम चालवणारं तयार सॉफ्टवेअर.) मला हा प्रश्न पडला तेव्हा उत्तर शोधण्यात माझे सात महिने गेले. तुलनेचे व्हिडिओ पाहिले, तक्ते वाचले. एक इंजिन उतरवलं, दोन आठवडे शिकलो, मग कुणीतरी दुसऱ्याचं कौतुक केलं म्हणून तेही उतरवलं. सात महिन्यांनी माझ्याकडे तीन फोल्डर होती आणि तिन्हींत एकच गोष्ट होती: डावीकडे-उजवीकडे सरकणारा एक चौकोन. खेळता येईल असं काहीच नव्हतं.

मग मी क्रम उलटा केला. आधी गेम ठरवला, मग मशीन तपासलं आणि शेवटी दोनच इंजिनांत तोच छोटा गेम करून पाहिला. पंधरा दिवसांत निवड झाली. तोच क्रम इथे लिहितोय. एकट्याने किंवा दोघा-तिघांनी मिळून हौसेने गेम करणाऱ्यांसाठी हा लेख आहे. नोकरीसाठी शिकत असाल तर जिथे काम करायचंय तिथे कोणतं इंजिन वापरतात ते बघा आणि तेच घ्या, त्यात फार विचार करण्यासारखं नाही.

सुरू करण्याआधी जवळ काय हवं

- एक वही. फाइल नको, कागदच बरा.
- तुमच्या कॉम्प्युटरची माहिती: रॅम किती, ग्राफिक्स कार्ड कोणतं, डिस्कवर मोकळी जागा किती.
- गिट (प्रोजेक्टच्या जुन्या आवृत्त्या जपून ठेवणारं साधन) आणि ते चालणाऱ्या गिटहबसारख्या ठिकाणी मोफत ऑनलाइन खातं.
- चित्रांसाठी क्रिटा किंवा इंकस्केप, आवाजासाठी ऑडॅसिटी, थ्री-डी करायचं असेल तर ब्लेंडर. चारही मोफत आहेत.
- सुरुवातीला वापरायला तयार चित्रं. केनी या नावाने मिळणारे संच सीसी-झिरो परवान्याचे आहेत, म्हणजे श्रेय न देताही कुठेही वापरता येतात.
- आठवड्यातले ठरलेले चार-पाच तास. हे सगळ्यात दुर्मीळ साहित्य आहे, तेव्हा ते आधी बाजूला काढून ठेवा.

१. आधी गेम कागदावर लिहा

इंजिनाचं नाव मनातून काढून टाका आणि वहीत तीन ओळी लिहा. खेळणारा काय *करतो*? तो हरतो कधी? जिंकतो कधी?

माझ्या तीन ओळी अशा होत्या: "मांजर एका छपरावरून दुसऱ्या छपरावर उडी मारतं. चुकलं तर खाली पडतं. दहा छपरं पार केली की घर येतं." या तीन ओळींतूनच बरंच ठरतं. गेम टू-डी आहे. एकट्याने खेळायचा आहे. ऑनलाइन काही नाही. सगळा जीव उडीत आहे, म्हणजे उडी हाताला गोड लागली पाहिजे.

आता याच्या शेजारी दुसरी एक कल्पना ठेवा: मोठं खुलं जग, त्यात शंभर खेळाडू एकाच वेळी ऑनलाइन, प्रत्येकाचं आपलं गाव. अशी कल्पना असायला काहीच हरकत नाही, फक्त तो तुमचा *पहिला* गेम नाही. ऑनलाइन खेळात प्रत्येक हालचाल दुसऱ्याच्या मशीनवर उशिराने पोचते आणि तो उशीर लपवणं हे स्वतंत्र शास्त्र आहे. कोणतंही इंजिन घेतलंत तरी ते शिकण्यातून सुटका नाही.

तीन ओळींखाली आणखी दोन गोष्टी लिहा. गेम कुठे चालायला हवा: ब्राउझरमध्ये, फोनवर की कॉम्प्युटरवर? आणि गेममध्ये मजकूर किती, कोणत्या लिपीत? दुसरा प्रश्न आत्ता क्षुल्लक वाटेल, पण सहाव्या पायरीला त्याची गाठ पडणार आहे.

२. टेबलावरचं मशीन काय म्हणतं ते ऐका

ही पायरी बरेच जण वगळतात, आणि पहिल्या महिन्यात गळणाऱ्यांपैकी अनेकांचा दोष त्यांच्या मशीनचा असतो. इंजिन उघडायला पाच मिनिटं लागली, छोटा बदल करून गेम चालवायला आणखी दोन मिनिटं लागली, की संध्याकाळच्या दीड तासात हातून काहीच होत नाही.

अनरियल, युनिटी आणि गोडो ही तीन लोकप्रिय इंजिनं घेऊ. अनरियल डिस्कवर कित्येक दहा जीबी जागा घेतं, आणि प्रोजेक्ट पहिल्यांदा उघडताना शेडर (प्रकाश-रंग काढणारे छोटे प्रोग्रॅम) तयार करण्यात जुनं मशीन घामाघूम होतं. चांगलं ग्राफिक्स कार्ड आणि भरपूर रॅम नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका. युनिटी काही जीबींत बसतं, पण प्रत्येक आवृत्ती वेगळी बसवावी लागते, त्यावर अँड्रॉइड, वेब यांचे भाग वेगळे, आणि प्रत्येक प्रोजेक्टचं लायब्ररी फोल्डर फुगत जातं ते निराळंच. गोडो मात्र एकच लहानशी फाइल आहे. झिप उघडायची आणि चालवायची.

जुन्या लॅपटॉपवाल्यांसाठी गोडोतला एक बारकावा. नवा प्रोजेक्ट करताना ते रेंडररचे (पडद्यावर चित्र काढणाऱ्या भागाचे) तीन पर्याय देतं: फॉरवर्ड प्लस, मोबाइल आणि कॉम्पॅटिबिलिटी. पहिले दोन व्हल्कनसारख्या नव्या ग्राफिक्स प्रणालींवर चालतात, तिसरा ओपनजीएलवर. जुन्या मशीनवर पहिला पर्याय तसाच ठेवला की एडिटर अडखळतो किंवा उघडतच नाही, आणि माणूस म्हणतो "हे इंजिन माझ्याकडे चालत नाही". कॉम्पॅटिबिलिटी निवडून पुन्हा बघा. टू-डी गेमला तो पुरेसा असतो, आणि गेम ब्राउझरमध्ये चालवायचा असेल तर तसाही तोच लागतो.

३. गेमच्या जातीप्रमाणे दोन नावं काढा

दोनच काढा. तिसरं नाव आलं की पुन्हा तुलना सुरू होते.

*गोष्ट सांगणारा, मजकूरप्रधान गेम* असेल तर मोठ्या इंजिनांकडे बघूच नका. पात्रांची चित्रं, संवाद आणि निवडीचे फाटे असा गेम असेल तर रेनपाय आहे. ते मुक्त स्रोत (ओपन सोर्स) आहे आणि संवाद जवळपास नाटकाच्या संहितेसारखे लिहिता येतात. २०१७ चा 'डोकी डोकी लिटरेचर क्लब' त्यातच झाला. चित्रंही नकोत, नुसता फाटे फुटणारा मजकूर हवा, तर ट्वाइन घ्या. एका दुपारी पूर्ण काहीतरी हातात येतं. जपानी धाटणीचा, नकाशावर फिरत पाळीपाळीने लढायचा गेम असेल तर आरपीजी मेकरमध्ये नकाशे, लढाई, संवाद सगळं तयार मिळतं. त्या साच्याबाहेर जायला गेलात की मात्र ते हट्टीपणा करतं.

*टू-डी* साठी माझं मत सरळ आहे: गोडो किंवा गेममेकर. गेममेकरची मुळं १९९९ मधली. मार्क ओव्हरमार्स यांनी ते सुरू केलं आणि टू-डी हेच त्याचं घर राहिलं. 'अंडरटेल' त्यातच झाला. गोडो हुआन लिनिएत्स्की आणि आरिएल मान्झुर या दोघांनी सुरू केलं आणि २०१४ मध्ये ते मुक्त स्रोत झालं. त्याची जीडीस्क्रिप्ट ही भाषा पायथनच्या वळणाची आहे, त्यामुळे कोडिंगची तोंडओळख असलेल्याला दोन दिवसांत वाचता येते. 'ब्रोटाटो' आणि 'डोम कीपर' हे गोडोतले. युनिटीतही उत्तम टू-डी होतं, 'हॉलो नाइट' आणि 'कपहेड' ही त्याची उदाहरणं. फक्त तिथे टू-डी गेमलाही थ्री-डी जगाचा पसारा सोबत येतो.

*थ्री-डी* असेल तर युनिटी आणि गोडो यांची जोडी घ्या. मशीन दणकट असेल आणि प्रकाश-सावलीचं वास्तव रूप हाच गेमचा प्राण असेल तर गोडोच्या जागी अनरियल. युनिटीची मोठी ताकद म्हणजे वर्षानुवर्षं साठलेलं शिकवणीचं साहित्य आणि तयार ॲसेटचा (चित्रं, मॉडेल, आवाज यांचा) बाजार. तिथे सी शार्प या भाषेत कोड लिहावा लागतो. अनरियलमध्ये सी प्लस प्लस आहे, पण ब्लूप्रिंट नावाची तारा जोडून तर्क मांडायची पद्धत इतकी भक्कम आहे की एक ओळही न लिहिता पूर्ण गेम करता येतो. ब्लूप्रिंट म्हणजे लहान मुलांसाठीची सोय असं समजू नका, व्यावसायिकही ते रोज वापरतात.

*कोडची भीती वाटत असेल* तर जीडेव्हलप आणि कन्स्ट्रक्ट ही दोन नावं. दोन्हींत "अमुक झालं की तमुक कर" अशा घटनांच्या ओळी मांडायच्या असतात आणि दोन्ही ब्राउझरमध्येच उघडतात. जीडेव्हलप मुक्त स्रोत आहे, कन्स्ट्रक्ट वर्गणीवर चालतं. कोड न लिहिणं म्हणजे विचार न करणं नव्हे. जर-तर, मोजणारे आकडे, याद्या या गोष्टी तिथेही कराव्याच लागतात.

*कोडच आवडत असेल* आणि एडिटरच्या खिडक्यांचा कंटाळा येत असेल, तर लव्ह (भाषा लुआ), मोनोगेम (सी शार्प) किंवा फेझर (जावास्क्रिप्ट) बघा. ही पूर्ण इंजिनं नाहीत, चौकटी आहेत. २०२४ मध्ये गाजलेला पत्त्यांचा 'बलाट्रो' लव्हमध्ये लिहिलेला आहे. इथे स्वातंत्र्य खूप, पण मेनू, नकाशे, ॲनिमेशन सगळं आपलं आपण उभारायचं.

"स्वतःचंच इंजिन लिहितो" असा विचार मनात येत असेल तर तो वाईट नाही, पण त्यातून इंजिन तयार होतं, गेम नाही. आपल्याला नेमकं काय हवंय ते वहीत लिहा.

४. परवाना वाचा, निदान पैशांची कलमं तरी

हौशी माणसाला वाटतं, मी कुठे पैसे मिळवणार आहे? तरीही वाचा, कारण गेम आवडला तर तो विकावासा वाटतो, आणि तेव्हा इंजिन बदलणं म्हणजे घर पाडून पुन्हा बांधणं.

गोडोचा परवाना एमआयटी. रॉयल्टी नाही, मर्यादा नाही. गेमसोबत परवान्याचा मजकूर कुठेतरी द्यावा लागतो, श्रेयनामावलीत दिला तरी चालतो. युनिटीची मोफत पर्सनल आवृत्ती तुमचं गेल्या १२ महिन्यांचं उत्पन्न आणि मिळालेला निधी मिळून २ लाख डॉलरच्या आत असेल तोवर वापरता येते. अनरियलमध्ये एका गेमची एकूण कमाई १० लाख डॉलरच्या पुढे गेली की वरच्या रकमेवर ५ टक्के रॉयल्टी. गेममेकर बिगरव्यावसायिक वापराला मोफत आहे, गेम विकायचा असेल तर एकदाच पैसे भरून परवाना घ्यावा लागतो आणि कन्सोलसाठी (प्लेस्टेशनसारख्या खेळयंत्रांसाठी) वेगळी वर्गणी.

हे आकडे बदलतात. सप्टेंबर २०२३ मध्ये युनिटीने गेमच्या प्रत्येक इन्स्टॉलमागे शुल्क लावायचं जाहीर केलं. ते १ जानेवारी २०२४ पासून लागू होणार होतं, आणि आधी बाजारात आलेले गेमही त्याच्या कक्षेत येऊ शकत होते. जगभरच्या गेम करणाऱ्यांनी कडाडून विरोध केला, दहा दिवसांत अटी मवाळ झाल्या आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ते शुल्क पूर्ण रद्द झालं. पण त्या धक्क्याने अनेकांनी बस्तान हलवलं. 'स्ले द स्पायर'चा दुसरा भाग करणाऱ्यांनी युनिटी सोडून गोडो धरलं.

युनिटी वाईट, असा याचा अर्थ नाही. ज्या आवृत्तीवर काम सुरू करताय तिच्या अटी त्या दिवशी साठवून ठेवा, तारखेसकट. ही पाच मिनिटांची गोष्ट आहे. मुक्त स्रोत इंजिनाचा खरा फायदा मला इथेच दिसतो: एकदा बाहेर पडलेल्या आवृत्तीचा परवाना कुणी मागे घेऊ शकत नाही.

तयार ॲसेट घेतानाही हेच. सीसी-झिरो असेल तर मोकळं, सीसी-बाय असेल तर श्रेय देणं बंधनकारक, आणि नावात एनसी असेल तर विकायच्या गेममध्ये ते चालत नाही. कुठून काय घेतलं याची एक यादी पहिल्या दिवसापासून ठेवा. वर्षभराने आठवत नाही.

५. दोन इंजिनं, एकच मांजर

निवडलेल्या दोन इंजिनांपैकी प्रत्येकाला चार-चार संध्याकाळ द्या आणि दोन्हींत एकच छोटा तुकडा करा: एक मांजर, तीन छपरं, पडलं की पुन्हा सुरुवात. चित्रं नकोत, चौकोन पुरेत. दोन्हीकडे अगदी तेच करायचं, कारण त्याशिवाय तुलनेला अर्थ नाही.

मी हे गोडो आणि युनिटीत केलं तेव्हा पहिल्या तासातच दोन्हींचा स्वभाव दिसला. गोडोत कॅरेक्टरबॉडी टू-डी हा नोड (गेमचा एक तयार घटक) घेऊन त्याला स्क्रिप्ट जोडली की चालण्या-उडण्याचा तयार नमुना मिळतो. त्यात उडीचा वेग लिहिलेला असतो *उणे* ४००. उणे का, म्हणून मी थबकलो. गोडोच्या टू-डी जगात वरचा डावा कोपरा शून्य आणि उभा आकडा खाली जाताना वाढतो, म्हणून वर जायचं तर उणे. युनिटीत उलट, वर जाताना आकडा वाढतो. गुरुत्वाकर्षणही बघा: गोडोत ९८० आणि युनिटीत ९.८१. गोडो टू-डी जग पिक्सेलमध्ये मोजतं, युनिटी स्वतःच्या एककांत मोजतं आणि नेहमीच्या मांडणीत १०० पिक्सेलचं एक एकक धरतं. एका इंजिनातले आकडे दुसऱ्यात तसेच चिकटवले की मांजर एक तर जागचं हलत नाही किंवा आकाशात नाहीसं होतं.

मग उडीवर बसा. नुसती उडी झाली म्हणून पुढे जाऊ नका. मांजर छपराच्या कडेवरून एक पाऊल पुढे गेलं आणि त्याच क्षणी खेळणाऱ्याने बटण दाबलं तर काय होतं? काटेकोर नियमाने मांजर हवेत आहे, उडी नाकारली जाते, आणि खेळणाऱ्याला वाटतं गेमने फसवलं. यावर जुना उपाय आहे, कायोटी टाइम: कड सुटल्यावरही सेकंदाच्या दहाव्या भागाएवढा वेळ उडीची परवानगी ठेवायची. हा एवढासा बदल *तुम्हाला* कोणत्या इंजिनात सहज सुचला, कुठे करायचा ते सापडलं, आणि मोडल्यावर दुरुस्त करता आला, हीच खरी परीक्षा.

या आठ संध्याकाळींत वहीत एवढ्याच नोंदी ठेवा:

- बदल करून गेम चालू व्हायला किती सेकंद लागले?
- चूक झाली तेव्हा इंजिनाने दिलेला संदेश कळला का?
- अडलात तेव्हा उत्तर अधिकृत दस्तऐवजांत मिळालं की व्हिडिओ शोधावे लागले?
- दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडावंसं वाटलं का?

शेवटच्या प्रश्नाला मी सगळ्यात जास्त वजन देतो. प्रत्येक इंजिनाची विचार करण्याची एक रीत असते. गोडोत सगळं नोडांचं झाड, युनिटीत रिकाम्या गेमऑब्जेक्टला जोडलेले कॉम्पोनंट, गेममेकरमध्ये खोल्या, वस्तू आणि त्यांच्या घटना. कुणाला झाड पटतं, कुणाला घटना. माझा मित्र युनिटीत रमला आणि मी गोडोत. आमचे गेम जवळपास एकसारखे होते.

चाचणीत अडकायची एक नेहमीची जागा सांगून ठेवतो. हालचाल फ्रेमच्या भरवशावर सोडली तर सेकंदाला ६० फ्रेम दाखवणाऱ्या पडद्यावर मांजर नीट चालतं आणि १४४ च्या पडद्यावर धूम ठोकतं. म्हणून वेगाला डेल्टाने, म्हणजे दोन फ्रेममधल्या वेळाने गुणतात. पण गोडोतलं मूव्ह-अँड-स्लाइड (पात्र हलवणारी तयार आज्ञा) हा गुणाकार स्वतःच करतं. तिथे वेगाला पुन्हा डेल्टाने गुणलंत की मांजर गोगलगाय होतं.

६. देवनागरी लिहून बघा

गेममध्ये मराठी मजकूर येणार असेल तर ही चाचणी निवडीआधीच करा. माझी चाचणीची ओळ घ्या: "किल्ल्यावरच्या दऱ्याखोऱ्यांत वाऱ्याशी स्पर्धा". ऱ्हस्व वेलांटी, जोडाक्षर, अर्धा ऱ्य आणि रफार असं सगळं तीत आहे.

साठवताना "कि" मध्ये आधी क येतो, मग वेलांटी. दाखवताना मात्र वेलांटी क च्या आधी यायला हवी. अक्षरांची ही जुळवाजुळव इंजिनाला करावी लागते, आणि ती न जमणाऱ्या इंजिनात वेलांटी चुकीच्या बाजूला लटकते, जोडाक्षरं पाय मोडून उभी राहतात. गोडोच्या तिसऱ्या मालिकेत ही सोय नव्हती, २०२३ मध्ये आलेल्या चौथ्या मालिकेपासून आहे. अनरियलमध्येही आहे. युनिटीत सर्रास वापरलं जाणारं टेक्स्टमेश प्रो हे काम स्वतःहून करत नाही, वेगळा मार्ग शोधावा लागतो. फेझरसारखी ब्राउझरमधली साधनं साध्या मजकुरासाठी हे काम ब्राउझरकडे सोपवतात, त्यामुळे तिथे सहसा अडचण येत नाही.

फॉन्ट स्वतः जोडा. 'मुक्त' (Mukta) किंवा 'नोटो सान्स देवनागरी' या नावांचे फॉन्ट मुक्त परवान्याचे आहेत, गेमसोबत देता येतात. गोडोत फॉन्ट न जोडताही तुमच्या कॉम्प्युटरवर मराठी दिसतं, कारण ते गुपचूप सिस्टीममधला फॉन्ट उचलतं. ब्राउझरमध्ये ती सोय नाही. मी गेम वेबवर चढवला आणि सगळ्या मेनूत रिकामे चौकोन दिसले, तेव्हा हे कळलं.

७. आवृत्ती ठरवा आणि तिथेच थांबा

निवड झाली की त्या क्षणाची स्थिर आवृत्ती घ्या. बीटा नको. गेम संपेपर्यंत मोठी आवृत्ती बदलायची नाही.

मी एका गेमच्या शेवटच्या टप्प्यात इंजिन वर चढवलं, कारण नव्या आवृत्तीत सावल्या सुंदर दिसत होत्या. टक्कर ओळखण्याचं वागणं बदललं, अर्ध्या पातळ्यांत पात्र जमिनीत रुतू लागलं, आणि तीन आठवडे त्यातच गेले.

ट्युटोरियल बघतानाही आधी आवृत्ती बघा. नवख्यांचे सगळ्यात जास्त तास इथे वाया जातात. गोडोच्या जुन्या व्हिडिओत कायनेमॅटिकबॉडी टू-डी दिसेल, तोच आता कॅरेक्टरबॉडी टू-डी. यील्डच्या जागी अवेट आलं. युनिटी ६ मध्ये रिजिडबॉडीच्या व्हेलॉसिटीचं नाव लिनियर-व्हेलॉसिटी झालं. कोड जसाच्या तसा उतरवला आणि लाल ओळी आल्या, तर दोष तुमचा नसून वर्षाचा असू शकतो.

८. गिट पहिल्याच दिवशी

प्रोजेक्ट तयार केला की लगेच गिट सुरू करा. इंजिन स्वतः पुन्हा बनवू शकतं ती फोल्डरं वगळायची: युनिटीत लायब्ररी, गोडोत डॉट-गोडो. पण युनिटीतल्या मेटा फाइली आणि गोडोतल्या इंपोर्ट फाइली वगळायच्या नाहीत. मेटा फाइल हरवली की चित्रं आणि स्क्रिप्ट यांचे धागे तुटतात आणि सीनमध्ये "स्क्रिप्ट सापडत नाही" असे इशारे दिसू लागतात. प्रत्येक बैठकीच्या शेवटी एक कमिट (गिटमध्ये त्या क्षणाची नोंद), एवढी सवय पुरे.

९. गेम अर्धवट असतानाच बाहेर काढून बघा

एक्सपोर्ट, म्हणजे इंजिनाबाहेर चालेल असा गेम तयार करणं, हे शेवटचं काम समजू नका. मांजर आणि तीन छपरं झाली की त्याच आठवड्यात ज्या ठिकाणी गेम चालवायचाय तिथे तो पोचवा. काही इंजिनांची निवड इथे येऊन फिरते, आणि ती लवकर फिरलेली बरी.

ब्राउझरसाठी: गोडो ४ मध्ये सी शार्प वापरत असाल तर वेब एक्सपोर्ट होत नाही, जीडीस्क्रिप्टच हवी. अनरियलच्या पाचव्या मालिकेत वेबची अधिकृत सोय नाही. अँड्रॉइडसाठी जावा आणि अँड्रॉइडची विकास साधनं बसवावी लागतात, त्यासाठी एक अख्खी संध्याकाळ धरा. आयफोनसाठी मॅक आणि त्यावरचं एक्सकोड हे ॲपलचं साधन लागतंच. कन्सोलचा विचार पहिल्या गेमला करू नका, त्यासाठी उत्पादकाची मान्यता लागते.

प्रकाशनाचा खर्चही आत्ताच वहीत लिहा. इच डॉट आयओ या गेमच्या संकेतस्थळावर गेम ठेवायला पैसे पडत नाहीत. गूगल प्लेचं खातं एकदाच २५ डॉलर, ॲपलचं दरवर्षी ९९ डॉलर, स्टीम या कॉम्प्युटर गेमच्या दुकानात प्रत्येक गेमला १०० डॉलर, जे गेमने १,००० डॉलर कमावल्यावर परत मिळतात. गूगल प्लेवर नवं वैयक्तिक खातं असेल तर गेम सर्वांसाठी खुला करण्याआधी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस बंद चाचणी करून घ्यावी लागते. ही माणसं आधीच जमवून ठेवा.

माझा सल्ला, पहिला गेम इचवर, ब्राउझरमध्ये. खेळणाऱ्याला काही उतरवावं लागत नाही आणि विंडोजची "अनोळखी प्रकाशक" ही भीतीदायक पाटीही आडवी येत नाही.

दुवा तयार झाला की तो अशा एका माणसाला पाठवा ज्याने तुमचा गेम कधी पाहिलेला नाही, आणि शक्य असेल तर खेळताना त्याच्या शेजारी बसा. काही समजावून सांगू नका, बोट दाखवू नका. तो कोणतं बटण आधी दाबतो, कोणत्या छपरावर थांबतो, आणि मांजर खाली पडल्यावर पुन्हा सुरू करतो की खिडकी बंद करतो, ते वहीत लिहा.